कागदावरची किंमत आणि तक्त्यातली किंमत

घर घेणाऱ्या मनुष्याच्या मनात किंमत एकच असते. विकणाऱ्याने जी मागितली, घेणाऱ्याने घासाघीस करून जी उतरविली आणि अखेरीस दोघांनी मान्य करून खरेदीखतात लिहिली, ती किंमत. परंतु दस्त नोंदविण्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पाऊल टाकले की तेथे आणखी एक किंमत वाट पाहत असलेली आढळते. ती विकणाऱ्याने सांगितलेली नसते व घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. ती सरकारी तक्त्यात छापलेली असते. मुद्रांक शुल्क आकारताना कोणत्या पेठेतील, कोणत्या रस्त्यावरील जमिनीचा किंवा घराचा दर काय धरावा, हे त्या तक्त्याने ठरविलेले असते. महाराष्ट्रात या तक्त्याला लोक 'रेडी रेकनर' म्हणतात; बडोद्यात त्याचे नाव 'जंत्री'; इंदूर-ग्वाल्हेरकडे 'कलेक्टर गाइडलाइन'; आणि बेळगावकडे 'गाइडन्स व्हॅल्यू'. नावे निराळी, काम मात्र एकच.

खतातली किंमत तक्त्याहून कमी असेल तर काय होते? पुष्कळांची समजूत अशी की, मुद्रांक शुल्क चढ्या आकड्यावर भरले म्हणजे प्रकरण मिटले. ही समजूत अनेकांना महागात पडली आहे. दस्ताची नोंद झाली म्हणजे मुद्रांकाचा हिशेब संपतो. परंतु त्याच दस्तावरून प्राप्तिकराचा हिशेब सुरू होतो, आणि तोही एकाचा नव्हे, तर विकणारा आणि घेणारा अशा दोघांचा.

एक उदाहरण घ्यावे. समजा, इंदूरमधील एक विधवा बाई आपले जुने घर विकावयास काढते. घराच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू आहेत, छपराची डागडुजी अनेक वर्षांत झालेली नाही आणि घरातील आजारपणामुळे पैशाची तातडीची निकड आहे. अशा घराला गिऱ्हाईक सहज मिळत नाही. अखेर एक नोकरदार गृहस्थ ५० लाख रुपये देऊ करतो आणि सारी रक्कम बँकेमार्फत देतो. व्यवहारात एक रुपयाही लपविलेला नाही. परंतु तक्त्यानुसार त्या घराचे मूल्य ६० लाख रुपये भरते.

प्राप्तिकराचा कायदा येथे असे म्हणतो की, बाईंना ५० लाख मिळाले असले तरी ६० लाख मिळाले असे मानावे आणि त्यावरून भांडवली नफा काढावा. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीस, मालमत्ता दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असल्यास, या नफ्यावर १२.५ टक्के हा दर लागतो. त्या दराने वरच्या १० लाखांवर १ लाख २५ हजार रुपये कर होतो. हाती न आलेल्या पैशावरचा हा कर आहे. इकडे घेणाऱ्या गृहस्थाला कायदा सांगतो की, ६० लाखांची वस्तू तुम्हांला ५० लाखांत मिळाली, तेव्हा १० लाखांचा लाभ झाला. तो 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न' म्हणून तुमच्या उत्पन्नात मिळवावा. त्याचे उत्पन्न ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याला ३ लाख रुपये भरावे लागतात. दोघांनाही वरचा अधिभार निराळाच. म्हणजे कोणाच्याही खिशात न गेलेले १० लाख रुपये दोघांच्या हिशेबात उत्पन्न म्हणून मोजले जातात.

हे वाचून कोणाचेही मन म्हणेल की, हा अन्याय आहे. तथापि हा नियम कशासाठी आला हे पाहिल्यावाचून त्याला दोष देणे बरोबर होणार नाही. घराची खरी किंमत एक आणि खतात लिहिलेली दुसरी, उरलेली रक्कम रोखीने हातोहात, ही आपल्या शहरांतील जुनी खोड आहे. त्यामुळे मुद्रांक शुल्क बुडते, प्राप्तिकर बुडतो आणि काळ्या पैशाला बसावयास जागा मिळते. या खोडीवर उपाय शोधण्यात सरकारने अनेक दशके घालविली.

१९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात १९६४ साली एक पोटकलम घालण्यात आले. वाजवी बाजारभाव विक्रीच्या दर्शविलेल्या किमतीहून, त्या किमतीच्या १५ टक्के वा अधिक रकमेने, जास्त असेल, तर बाजारभाव हीच किंमत धरावी असा त्याचा आशय होता. या कलमावरचा प्रसिद्ध खटला केरळातून आला. के. पी. वर्गीस नावाच्या गृहस्थांनी १९५८ साली एर्नाकुलम येथील घर १६,५०० रुपयांस घेतले आणि १९६५ साली तेच घर त्याच किमतीस आपली सून व पाच मुले यांना विकले. खात्याने त्या दिवशीचा बाजारभाव ६५,००० रुपये ठरविला आणि ४८,५०० रुपयांचा फरक नफा म्हणून धरला. वर्गीस यांनी एक पैसाही अधिक घेतला, असे खात्याचे म्हणणे नव्हते. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याने किंमत खरोखरच कमी दाखविली त्याच्यासाठी हे कलम आहे. आणि त्याने ती कमी दाखविली हे सिद्ध करण्याचा भार खात्यावर आहे. प्रामाणिक मनुष्याला न मिळालेल्या पैशावर कर देण्यास लावावे, असा कायद्याचा हेतू असू शकत नाही, असे या निर्णयाचे सार आहे.

दरम्यान सरकारने दुसरी वाट धरून पाहिली होती. १९७२ सालापासून, किंमत कमी दाखविलेली मालमत्ता सरकारनेच ताब्यात घ्यावी अशी तरतूद झाली. पुढे १९८६ पासून मोठ्या शहरांतील मोठ्या व्यवहारांत, ठरलेल्या किमतीला ती मालमत्ता आधी सरकारने विकत घेण्याचा हक्क आला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा हक्क बजावण्यापूर्वी संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. २००२ सालच्या जुलैपासून तोही मार्ग बंद झाला. १९६४ चे पोटकलम तर त्याआधीच, १९८८ सालच्या एप्रिलपासून, वगळले गेले होते.

त्यानंतर जे आले ते आजचे कलम. २००२ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या कायद्यात कलम ५०-सी घातले आणि १ एप्रिल २००३ पासून ते लागू झाले. त्याने वर्गीस खटल्यातील तराजू उलटा केला. आता मनुष्याने किंमत लपविली की नाही, हे खात्याने सिद्ध करावयाचे नाही. मुद्रांकासाठी धरलेले मूल्य अधिक असले की तेच विक्रीचे मूल्य मानावयाचे. प्रथम हा नियम केवळ विकणाऱ्यासाठी होता. २०१३ च्या वित्त अधिनियमाने घेणाऱ्यालाही त्यात ओढले, आणि २०१७ च्या एप्रिलपासून कलम ५६(२)(एक्स) या नावाने तो सर्व प्रकारच्या करदात्यांवर लागू झाला. घरे बांधून विकणाऱ्या व्यावसायिकांसाठी याच धर्तीचे निराळे कलम आहे. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा प्राप्तिकर अधिनियम संमत केला व त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्यात कलमांचे अनुक्रमांक बदलले आहेत. परंतु खतातली किंमत आणि तक्त्यातली किंमत यांच्या तुलनेचे तत्त्व तेच राहिले आहे.

ही तुलना अगदी रुपयाच्या हिशेबाने होत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. एकाच गल्लीतील दोन घरे सारखी नसतात, हे सरकारलाही मान्य आहे. म्हणून २०१८ च्या वित्त अधिनियमाने ५ टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून दिला आणि २०२० च्या वित्त अधिनियमाने ती सूट १० टक्क्यांवर नेली. खतातली किंमत ४० लाख आणि तक्त्यातले मूल्य ४३ लाख असेल, तर दोघांनाही काही विचारले जात नाही. कारण ४४ लाखांपर्यंत मुभा आहे. परंतु तक्त्यातले मूल्य ४६ लाख झाले, तर केवळ ४४ लाखांवरच्या २ लाखांवर कर लागतो असे समजू नये. मर्यादा ओलांडली की संपूर्ण ६ लाखांचा फरक हिशेबात येतो. उंबरठा ओलांडला म्हणजे मनुष्य घरात आला, तसेच हे आहे.

लहान व्यवहारांत आणखी एक बारकावा आहे. घेणाऱ्याच्या बाबतीत १० टक्के किंवा ५०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा फरक चालतो. विकणाऱ्याला ५०,००० रुपयांची ही सोय नाही. म्हणून ४ लाखांस विकलेल्या प्लॉटचे तक्त्यातले मूल्य ४ लाख ४५ हजार असेल, तर घेणारा सुटतो, पण विकणारा अडकतो.

आता तारखेचा प्रश्न. घराचा सौदा एका दिवशी ठरतो आणि खरेदीखत कित्येक महिन्यांनी होते. मध्यंतरी तक्ता बदलला तर कोणते मूल्य धरावयाचे? हा प्रश्न काल्पनिक नाही. गुजरातेत २०११ पासून चालत आलेल्या जंत्रीतील जमिनीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून एकदम दुप्पट झाले. समजा, बडोद्यातील एका प्लॉटचा सौदा २०२२ च्या डिसेंबरात २० लाखांस ठरला. तेव्हा जंत्रीचे मूल्य १४ लाख होते. खरेदीखत २०२३ च्या मे महिन्यात झाले, आणि तोवर जंत्रीचे मूल्य २८ लाखांवर गेले. मे महिन्याचा आकडा धरला, तर ८ लाखांचा फरक पडतो आणि दोघेही करात सापडतात. डिसेंबरचा आकडा धरला, तर प्रश्नच उरत नाही.

कायदा येथे उदार आहे; परंतु त्याची एक अट आहे. साठेखताच्या, बडोद्याकडे ज्याला बानाखत म्हणतात त्याच्या, तारखेचे मूल्य धरता येते. मात्र त्या तारखेला किंवा त्यापूर्वी इसाराची रक्कम, निदान तिचा काही भाग, अकाउंट-पेयी चेकने, तशाच बँक ड्राफ्टने किंवा बँकेच्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली असली पाहिजे. इसार रोखीने दिला, तर साठेखत कितीही पक्के असले तरी ही सवलत मिळत नाही. शिवाय १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरला असून घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. म्हणजे इसाराचा एक लहानसा चेक लक्षावधी रुपयांचा कर वाचवू शकतो, आणि त्याच इसाराची रोकड तो कर ओढवून आणू शकते.

५० लाख रुपयांच्या किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणाऱ्यावर आणखी एक काम पडते. त्याने देय रकमेतून १ टक्का कर कापून सरकारात भरावयाचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून हा १ टक्का खतातली किंमत आणि तक्त्यातले मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर काढावा लागतो. वरील इंदूरच्या उदाहरणात ५०,००० नव्हे, ६०,००० रुपये कापावे लागतील. इतकेच नव्हे, तर खतातली किंमत ५० लाखांच्या आत असून तक्त्यातले मूल्य ५० लाखांवर गेले, तरीही हे काम चुकत नाही.

आप्तांमधील व्यवहारांविषयी तर फारच गैरसमज आढळतात. घेणाऱ्याला नातेवाइकाकडून मिळालेल्या मालमत्तेवर हा कर नाही. वारसाहक्काने, मृत्युपत्राने किंवा स्वतःच्या विवाहप्रसंगी मिळालेल्या मालमत्तेवरही नाही. परंतु नातेवाईक कोण, हे कायद्याने स्वतः ठरविले आहे. पती-पत्नी, भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, आजोबा-आजी, मुले-नातवंडे अशांचा त्या यादीत समावेश आहे. चुलत व मामेभावंडांचा नाही. यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचावयाची असल्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. काकाने पुतण्याला घर स्वस्तात दिले, तर पुतण्याला कर नाही, कारण काका हा त्याच्या वडिलांचा भाऊ. पुतण्याने काकाला दिले, तर मात्र काकाला सूट नाही, कारण भावाचा मुलगा यादीत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नात्याची ही सूट केवळ घेणाऱ्याला आहे. भावाने बहिणीला घर निम्म्या किमतीस विकले, तर बहीण सुटते. परंतु भावाला तक्त्याच्या पूर्ण मूल्यावर भांडवली नफा मोजावा लागतो. तेच घर त्याने रीतसर बक्षीसपत्राने दिले असते, तर प्राप्तिकराच्या दृष्टीने ते हस्तांतरण ठरत नाही आणि त्याला भांडवली नफ्यावर कर नाही. बक्षीसपत्रावरील मुद्रांक शुल्क त्या त्या राज्याच्या नियमाप्रमाणे निराळे. निम्मी किंमत घेणे हे मोफत देण्यापेक्षा महाग पडावे, हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. म्हणून आप्तांनी व्यवहार करण्याआधी हा हिशेब मांडून पाहिलाच पाहिजे.

गोव्यातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पोर्तुगीज नागरी कायद्यातील समाईक मालमत्तेची पद्धत ज्या पती-पत्नींना लागू आहे, त्यांचे पगाराखेरीज इतर उत्पन्न १९६१ च्या कायद्यातील कलम ५-ए प्रमाणे दोघांत समसमान वाटले जाते. भांडवली नफा आणि इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न ही दोन्ही त्यात येतात. म्हणून घर एकाच्या नावाने विकले वा घेतले, तरी हिशेब दोघांच्याही विवरणपत्रांत आला पाहिजे.

मग इंदूरच्या त्या बाईंना काहीच उपाय नाही काय? आहे, आणि तो कायद्यातच आहे. तक्त्यातले मूल्य त्या दिवशीच्या वाजवी बाजारभावाहून अधिक आहे, असे करदात्याने करनिर्धारण अधिकाऱ्यासमोर मांडले, तर ते प्रकरण खात्याच्या मूल्यमापन अधिकाऱ्याकडे पाठविता येते. मात्र तेच मूल्य मुद्रांक कायद्याखाली अपिलात किंवा न्यायालयात आव्हानित केलेले नसावे. मूल्यमापन अधिकाऱ्याने कमी मूल्य ठरविले, तर ते धरले जाते. अधिक ठरविले, तरी तक्त्यातल्या मूल्याच्या वर जाता येत नाही. अर्थात ही मागणी केल्याने करदात्याचे नुकसान होण्याची भीती नाही. घेणाऱ्यालाही हाच मार्ग मोकळा आहे. २००८ साली मद्रास उच्च न्यायालयाने कलम ५०-सी वैध ठरविले, त्यामागे करदात्याला आपली बाजू मांडण्याची ही सोय आहे, हे एक कारण होते. आणि २०१४ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटले की, न्याय व्हावयाचा असेल तर असे मूल्यमापन करून घेतलेच पाहिजे. दुसरा मार्ग मुद्रांक अधिकाऱ्यांकडे अपील करण्याचा. तेथे मूल्य कमी झाले, तर प्राप्तिकराची आकारणीही त्याप्रमाणे दुरुस्त होते.

परंतु हा उपाय पुराव्यावर चालतो, आणि पुरावा व्यवहाराच्या वेळीच गोळा करावा लागतो. आकारणीची नोटीस दोन-तीन वर्षांनी येते. तोवर जुने छप्पर उतरवून नवे घातलेले असते, भाडेकरू निघून गेलेले असतात आणि समोरचा अरुंद बोळ रुंद झालेला असतो. घर त्या दिवशी कसे होते हे कोण सांगणार? म्हणून किंमत ठरविण्यापूर्वी तक्त्यातील दर पाहून घ्यावा. फरक १० टक्क्यांच्या वर जात असेल, तर नोंदणीकृत मूल्यमापकाचा त्याच तारखेचा अहवाल घ्यावा. भाडेकरूंच्या पावत्या, हक्कासंबंधीच्या दाव्याची कागदपत्रे, मोडकळीची छायाचित्रे, जवळपासच्या विक्रीचे दस्त जपून ठेवावेत. किंमत कमी असण्याचे कारण खरेदीखतातच स्पष्ट लिहावे. आणि नोटीस आलीच, तर मूल्यमापन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी तोंडी न करता लेखी करावी.

या नियमातील एक विसंगती मान्य केली पाहिजे. जेथे बाजारभाव तक्त्याहून पुष्कळ चढा आहे, तेथे लबाड मनुष्य खतात नेमका तक्त्याचा आकडा लिहितो आणि वरचे पैसे अंधारात देतो. या कलमांच्या जाळ्यात तो सापडत नाही. त्याच्यासाठी अघोषित गुंतवणुकीची दुसरी कलमे आहेत, आणि त्यांसाठी पुरावा खात्याला शोधावा लागतो. उलट जो खरोखर स्वस्तात घेतो व खरी किंमत लिहितो, तोच या जाळ्यात सहज सापडतो. ज्या दुर्गुणावर हे औषध काढले त्याचे कर्ते निराळे, आणि औषधाची कडू चव घेणारे कित्येकदा निराळे, अशी ही स्थिती आहे.

तक्ते बाजाराशी जुळवून वेळच्या वेळी सुधारणे, हे शासनाचे काम. आपला व्यवहार खरा होता हे दाखविणारी कागदपत्रे सौद्याच्या दिवसापासून नीट लावून ठेवणे, हे घरमालकाचे काम. इंदूरच्या त्या बाईंनी विक्रीच्या महिन्यातच मूल्यमापकाला घरी बोलावून अहवाल घेतला असेल, तर दोन वर्षांनी आलेल्या नोटिशीला उत्तर देताना त्यांना केवळ आपल्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही.